छंदाच्या ग्रुपवरचं अवांतर: प्रश्न हरवू नये म्हणून

आमचा ग्रुप आकाशनिरीक्षणाचा. ॲडमिन म्हणून मी अवांतराचं माप एकाच गोष्टीवरून काढते: कुणी विचारलेला प्रश्न उत्तराविना वर सरकून गेला का? गेला असेल, तर त्या दिवशी गप्पा जास्त झाल्या. गेला नसेल, तर चार जण ढगांच्या नावाने बोटं मोडत बसले तरी माझी हरकत नसते. ज्याची निरीक्षणाची रात्र वाया गेली तो बोलणारच, आणि अशा बोलण्यामुळेच माणसं ग्रुपवर टिकतात.

त्यामुळे नियम नंतर लिहा, आधी प्रश्न वाचवा. समजा सकाळी कुणी लिहिलं, "१० बाय ५० बायनॉक्युलरमधून शनी बघितला. नुसता ठिपका दिसतो, कडी का दिसत नाहीत?" त्याखाली दोन सुप्रभात आले, कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि शुभेच्छांची रांग लागली. दुपारपर्यंत तो प्रश्न कुणाच्याच नजरेला पडत नाही. विचारणारा बहुधा नवा असतो. तो परत विचारत नाही, आपलाच प्रश्न बाळबोध होता असं धरून चालतो आणि हळूहळू गप्प होतो. अशा वेळी "कृपया विषयाला धरून बोला" असं लिहिलं की शुभेच्छा देणारे दुखावतात आणि प्रश्न तिथेच राहतो. त्याऐवजी त्या प्रश्नालाच रिप्लाय करा, म्हणजे तो पुन्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. उत्तर नेमकं द्या: हे बायनॉक्युलर १० पटच मोठं दाखवतं, कडी वेगळी दिसायला साधारण २५ पट तरी लागतं. मग जाणत्यांपैकी एकाला आयपीसबद्दल (दुर्बिणीत डोळ्याजवळ बसवायचं भिंग) नाव घेऊन विचारा, "तुम्ही शनीसाठी कुठला आयपीस लावता?" आयपीसवर तिघं-चौघं बोलायला लागले की शुभेच्छा आपोआप थांबतात. कुणाला काही बोलावं लागत नाही.

अवांतरातही प्रकार आहेत, आणि सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

बोलता बोलता विषय भरकटतो, ते सर्वांत निरुपद्रवी. बरेचदा ते वळवून घेता येतं. आमच्याकडे हमखास येणारा प्रश्न म्हणजे "शनी वक्री झालाय, माझ्या राशीला कसा आहे?" ज्योतिष खरं की खोटं हा वाद तिथे काढला तर रात्र त्यातच जाते, आणि विचारणारा दुखावून निघून जातो. मी लिहिते की वक्री गती खरंच बघता येते. पृथ्वी आतल्या कक्षेतून शनीला मागे टाकत पुढे जाते, तेव्हा तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटा सरकताना दिसतो. दरवर्षी साधारण साडेचार महिने हे चालतं. दर आठवड्याला जवळच्या ताऱ्यांसकट त्याची जागा वहीत काढून ठेवा आणि चित्रं इथे टाका. राशीचा प्रश्न घेऊन आलेली माणसं अशी वही घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना पहिल्याच दिवशी हाकललं असतं तर ग्रुपचंच नुकसान झालं असतं.

फॉरवर्डचं तसं नाही. तिथे लिहिणारा माणूसच नसतो, त्यामुळे वळवायचं कुणाला? २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५.६ कोटी किलोमीटरवर आला होता. जवळपास ६०,००० वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. दुर्बिणीत ७५ पट मोठा केला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल, ही माहिती तेव्हा फिरली. पुढे त्यातले '७५ पट' गळाले, वर्ष गळालं आणि 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा मेसेज पुन्हा पुन्हा ऑगस्टमध्ये येत राहिला. अशा नेहमीच्या फॉरवर्डसाठी चार ओळींचं उत्तर लिहून जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस पिन करता येतो. मी ऑगस्ट लागला की हे उत्तर ३० दिवसांसाठी पिन करते.

ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण तो कुणी काढला हे सर्वांना दिसतं. म्हणून आधी त्या व्यक्तीला खासगीत लिहावं, मग हात लावावा. माझा मजकूर साधा असतो: "काका, तुमचा आत्ताचा फॉरवर्ड काढते आहे, कारण त्याखाली एकाचा कोलिमेशनचा (दुर्बिणीचे आरसे नीट जुळवण्याचा) प्रश्न दबतोय. राग मानू नका. तुम्ही परवा काढलेला चंद्राचा फोटो मात्र टाका, सगळे वाट बघताहेत." शेवटचं वाक्य मनापासून असावं. काय टाकू नये एवढंच ऐकलेला माणूस रुसतो.

गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढावा का? काढावा, पण लोकांना तिकडे पिटाळण्यासाठी नको. नुसतं "हे तिकडे बोला" म्हटलं तर तो ग्रुप ओस पडतो. चाललेल्या गप्पांतलं शेवटचं वाक्य स्वतः तिकडे टाका आणि तिथेच पुढचा प्रश्न विचारा. टेलिग्रामवर एकाच ग्रुपात वेगवेगळे विषय उघडता येतात, तिथे हे काम सोपं होतं. शिवाय स्लो मोड लावला की एका मेसेजनंतर पुढच्यासाठी थांबावं लागतं. कायमचा लावू नका. ग्रहणाच्या रात्री उत्साहाला लगाम घालण्यात काय मतलब?

राजकारणाचं भांडण पेटलं तर मात्र समजावत बसू नका. "फक्त ॲडमिन लिहू शकतील" ही सेटिंग तासाभरासाठी लावा, दोघांशी वेगवेगळं बोला, मग ग्रुप उघडून आज रात्री काय दिसणार आहे ते टाका. ही सेटिंग दिवसेंदिवस ठेवली तर ग्रुप म्हणजे नुसता सूचनाफलक होतो.

नियम ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये, एका दमात वाचून होतील इतकेच. आमचे असे आहेत: इथे आकाशाबद्दल काहीही विचारा. फॉरवर्ड नको, स्वतः पाहिलेलं हवं. शुभेच्छा त्या व्यक्तीला थेट पाठवा. दुःखद बातमीला यातलं काहीच लागू नाही. सदस्यांपैकी कुणी गेलं तर त्या दिवशी मी आकाशाचा विषयसुद्धा काढत नाही.

तुम्ही ॲडमिन नसाल तरी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. निषेधाचा मेसेज टाकू नका, त्याने गर्दीत भरच पडते. वर जाऊन उत्तर न मिळालेला प्रश्न शोधा आणि त्याला रिप्लाय करा. उत्तर येत नसेल तर "मलाही हेच विचारायचं होतं" एवढं लिहा, प्रश्न पुन्हा खाली येतो. असा प्रश्नच दिसला नाही, तर काल रात्री जे पाहिलंत ते वेळ, दिशा आणि उपकरणासकट लिहा.