रन म्हणजे फक्त पळणं नाही! मग अर्थ लावायचा कसा?

शाळेत रन म्हणजे पळणे असं एकदा डोक्यात बसलं की बसलंच, मग 'माय नोज इज रनिंग' वाचलं की नाक कुठे पळालं असं होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांनी या एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजलेत, त्याआधी 1989 च्या आवृत्तीत 'सेट' पुढे होता, 430 अर्थ घेऊन. पाठ करायच्या भानगडीत पडूच नका.

आपलं 'लागणे' बघा ना. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, औषध कडू लागतं, आणि तो माझा काका लागतो. कधी यादी केलेली याची? शेजारचा शब्द बघून आपोआप कळतं, रनला पण तेच करायचं.

आधी बघा पळतंय कोण. माणूस किंवा प्राणी असेल तर बहुतेक वेळा सरळ पळणंच. मशीन, ऑफिस, प्रोग्राम असं काही असेल तर 'चालणे' लावून बघा, गंमत म्हणजे इंग्रजीत मशीन पळतं आणि आपल्याकडे ते निवांत चालतं :) रनच्या मागे माणूस आणि लगेच पुढे वस्तू आली, जसं 'शी रन्स अ कंपनी', तर चालवणे. एवढ्यावरच बरीच वाक्यं सुटतात. पातळ काही असेल तर वाहणे, म्हणजे नाक, नळ, नदी. धुताना कपड्याचा रंग 'रन' झाला तर तो गेला, एकाचा दुसऱ्याला लागला (बघा, परत लागला).

खरी गोची रनला चिकटलेल्या छोट्या शब्दांची आहे, इथे चालणे-वाहणे काही कामाचं नाही, अख्खी जोडीच एक शब्द म्हणून लक्षात ठेवायची. रन इन्टू समवन म्हणजे कोणीतरी अचानक भेटणं, रन ओव्हर म्हणजे गाडीखाली चिरडणं नाहीतर मीटिंग लांबणं, आणि क्रिकेटमुळे आपण हमखास फसतो ते रन आउट. बॅट्समन रन आउट झाला तर धावबाद, पण 'वी रॅन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं. तो 'ऑफ' नजरेतून सुटला की दूध धावबाद!

नाम म्हणून आला तर क्रिकेटची धाव आहेच, पण 'रन ऑन द बँक' म्हणजे पैसे बुडतील या भीतीने ठेवीदारांची एकदम उडालेली झुंबड, आणि इन द लाँग रन म्हणजे पुढे जाऊन, लांबचा विचार केला तर.

एवढं करून पण काही बसेना तर डिक्शनरी उघडा, पण पहिला अर्थ उचलून पळू नका, खाली उदाहरणाची वाक्यं असतात त्यात तुमच्यासारखं वाक्य शोधा. 'इट रेन्ड थ्री डेज रनिंग' मला असंच सापडलं, सलग तीन दिवस पाऊस, तोवर मी पावसाला पळवत होतो.