स्क्रूचं डोकं गोल झालं? मॉडेल उघडताना या चुका टाळा

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीचा गिअरबॉक्स उघडायला घेतला, पाना खाचेत गर्रकन फिरला, की हात आपसूक आणखी जोर लावतो. स्क्रू वाया जातो तो इथेच. पहिल्यांदा पाना घसरतो तेव्हा खाचेचे कोपरे नुसते दबलेले असतात. पुढच्या दोन-तीन झटक्यांत ते साफ निघून जातात. माझे बहुतेक स्क्रू असेच दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात गेले. म्हणून पाना एकदा घसरला की हात काढा आणि आधी पान्याचं टोक बघा.

‘बसतोय ना, मग चालेल’

एम३ मापाच्या (३ मिमी जाडीच्या) सॉकेट कॅप, म्हणजे उंच गोल डोक्याच्या स्क्रूला २.५ मिमीची षटकोनी टोकाची अ‍ॅलन की लागते, बटन हेडला (घुमटासारख्या डोक्याच्या स्क्रूला) २ मिमीची आणि ग्रब स्क्रूला (बिनडोक्याच्या स्क्रूला) १.५ मिमीची. इंची संचातली ५/६४ इंच म्हणजे १.९८ मिमी, ती एक वेळ निभावून नेते. ३/३२ मात्र २.३८ मिमीची असते, २.५ च्या खाचेत ती आत जाते, सैल राहते आणि कोपरे खाते. बॉलचं टोक असलेली की तिरकी चालते म्हणून सगळ्यांना आवडते, पण घट्ट स्क्रू सोडवायला ती वापरू नका. साध्या कीचं टोक झिजून गोल झालं असेल तर तेवढा भाग सपाट घासून टाका, ती पुन्हा नव्यासारखी.

अधिकच्या खुणेचे स्क्रूही सगळे सारखे नसतात. जपानी किटमध्ये बहुधा जेआयएस (जपानी मानक) पद्धतीचे स्क्रू येतात. त्यांत फिलिप्सचा, म्हणजे नेहमीचा अधिकच्या खुणेचा ड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही आणि जोर दिला की वर सरकतो. काही स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो दिसला तर जेआयएसचाच ड्रायव्हर घ्या.

न तापवताच ओढणं

धातूत बसलेला स्क्रू हटत नसेल तर बहुतेक वेळा थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा गोंद) लावलेलं असतं, विशेषतः मोटरच्या पिनियनच्या (दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाच्या) ग्रब स्क्रूला. सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा-एक मिनिट थेट स्क्रूवर टेकवा आणि गरम असतानाच फिरवा. निळं थ्रेडलॉक सैल पडतं. लाल प्रकाराला साधारण २५० अंश सेल्सिअस लागतात, आणि एबीएस प्लास्टिक शंभरच्या आसपासच मऊ पडायला लागतं. त्यामुळे शेजारी काय आहे ते बघून तापवा. प्लास्टिकमध्ये घुसलेल्या स्क्रूला तापवायच्या भानगडीत पडूच नका.

थेट ड्रिल उचलणं

रबर बँड मध्ये धरून फिरवायची युक्ती सगळे सांगतात. मोठ्या अधिकच्या खाचेत कधी जमते, २ मिमीच्या षटकोनी खाचेत मला तरी एकदाही जमलेली नाही. त्यापेक्षा २.५ मिमीच्या झिजलेल्या खाचेत टी१० टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं) बिट हलक्या हातोडीने ठोकून बसवा. २ मिमीच्या खाचेला टी८. ठोकण्याआधी भाग बाहेर काढून खाली लाकडाचा आधार द्या, नाहीतर धक्का बेअरिंगला बसेल. डोकं वर उघडं असेल तर रोटरी टूलच्या चकतीने आडवी खाच पाडून साधा ड्रायव्हर लावता येतो.

एवढ्यानेही नाही हटला तर ड्रिल. पण भोक आरपार पाडायचं नाही, फक्त डोकं उडवायचं. एम३ ला ३ मिमीचं ड्रिल, हळू वेगाने. डोकं सुटलं की ताण जातो, वरचा भाग उचलता येतो आणि उरलेला दांडा पकडीने, कधी तर बोटांनीही फिरतो. एवढ्या बारीक स्क्रूत एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्क्रू उलटा फिरवून काढायचं अवजार) घालू नका. तो आत मोडला तर कडक पोलाद भोकात अडकतं, आणि त्यावर साधं ड्रिल चालत नाही.

ड्रिल चालवण्याआधी मोटर आणि स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) काढून ठेवा. किमान टेपने झाका. लोखंडाचा कीस मोटरच्या चुंबकाला चिकटला की काढता काढता नाकी नऊ येतात.

‘तात्पुरता’ तोच स्क्रू परत

अर्धवट झिजलेला स्क्रू परत लावला की पुढच्या वेळी हेच सगळं पुन्हा. नवा घ्या, लांबी जुन्याशी ताडून बघा. मोटरला लांब स्क्रू लागला तर आतल्या वायंडिंगला (तारेच्या वेटोळ्याला) टेकतो. धातूत निळ्या थ्रेडलॉकचा एकच थेंब. प्लास्टिकवर अजिबात नको, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट त्याने तडकू शकतात. प्लास्टिकच्या भोकात स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक्’ करून तो किंचित खाली बसला की जुने आटे सापडले, मग सुलटा पिळा.