रोजची प्रार्थना का टिकत नाही : या चुका टाळा

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपून मंडळी बाहेर पडते, तेव्हा दरवर्षी कोणीतरी तरुण उत्साहाने सांगतो, की उद्यापासून पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करणार. मी मान डोलावतो, पण संक्रांतीनंतर त्याला त्याविषयी विचारत नाही.

कारण हा पराक्रम मीही केलेला आहे. चारचा गजर लावून मी पलंगाशी गुडघे टेकत असे आणि सव्वापाचला पत्नी हलवून उठवी, तेव्हा गादीच्या शिवणीचा वळ कपाळावर उमटलेला असे. नऊ दिवस हे चालले. दहाव्या दिवशी गजर बंद केला आणि मार्चपर्यंत एकट्याने प्रार्थनेला बसलोच नाही, कारण तासाचा शब्द दिलेल्या माणसाने पाच मिनिटे घेऊन देवापुढे कोणत्या तोंडाने जावे, हेच कळेना. मोठ्या आरंभाचा खरा तोटा हाच, की तो मोडल्यावर लहान आरंभाचीही लाज वाटू लागते.

पहाटेच्या हट्टासाठी बायबलमधील मार्क 1:35 चा, म्हणजे येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला या वचनाचा, दाखला हमखास दिला जातो. दानीएल 6:10 मात्र घाईने वाचले जाते. राजाखेरीज कोणाचीही प्रार्थना करण्यास बंदी घालणाऱ्या फर्मानावर सही झाल्याचे कळल्यावरही देवभक्त दानीएल घरी जाऊन, पूर्वीप्रमाणेच, दिवसातून तीनदा गुडघे टेकतो. त्याने संकट पाहून नवा नेम धरला नाही, जुनाच चालू ठेवला, आणि उतावळ्यांना नेमके हेच नको असते.

माझा नेम सात मिनिटांचा आहे. चहाचे आधण ठेवण्याआधी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, रोज त्याच लाकडी खुर्चीवर बसून बायबलच्या स्तोत्रसंहितेतले क्रमाने एक स्तोत्र मोठ्याने वाचायचे, त्यातलीच एखादी ओळ धरून देवाशी बोलायचे आणि प्रभूच्या प्रार्थनेने, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेने, उठायचे. या क्रमात 176 वचनांच्या 119 व्या स्तोत्रापाशी पुष्कळ जण अडकतात. परंतु ते हिब्रू वर्णमालेतील 22 अक्षरांनुसार आठ-आठ वचनांच्या खंडांत रचलेले असल्यामुळे मी ते 22 दिवसांत वाटून घेतो.

दुसरी चूक मोबाइलची. शास्त्र मोबाइलवर वाचू नये असे माझे म्हणणे नाही, पण वचन उघडताच वर व्हॉट्सॲपचा संदेश झळकतो, तो पाहायला गेलेले बोट तीन गटांना ‘सुप्रभात’ आणि एक सचित्र वचन पाठवूनच परतते, आणि प्रार्थना झाल्यासारखे वाटते. वचन इतरांना पाठवणे ही प्रार्थना नव्हे. माझा मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत असतो आणि छापील पवित्र शास्त्र खुर्चीवरच ठेवलेले असते.

एकांतात पाळकांच्या व्यासपीठावरील भाषेत बोलू नये; आईशी बोलतो ती मराठी पुरते. कौटुंबिक प्रार्थना जेवण वाढून झाल्यावर लांबवू नये, मुले प्रार्थनेवरच रागावतात. केवळ मागण्यांची यादी वाचू नये.

मन लागत नाही म्हणून थांबणाऱ्यांनी 13 वे स्तोत्र वाचावे. त्यात दावीद ‘कोठवर’ म्हणून देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, आणि 88 व्या स्तोत्राचा शेवट तर अंधारातच होतो. तीही प्रार्थनाच आहे. एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी चौदा मिनिटे बसून भरपाई करू नये. सातच मिनिटे बसावे.