सिम्युलेशनची पॉवर पटत नसेल तर आधी प्रेशर काढा

इंजिन-सिम्युलेशन सॉफ्टवेअरने दिलेल्या हॉर्सपॉवरवर विसंबण्याआधी सरासरी परिणामी दाब (BMEP, म्हणजे तेवढा टॉर्क मिळायला पॉवर स्ट्रोकभर पिस्टनवर सरासरी किती दाब लागेल तो) काढून बघा. फोर-स्ट्रोकसाठी न्यूटन-मीटरमधल्या कमाल टॉर्कला ०.१२५७ ने गुणा आणि लिटरमधल्या क्षमतेने भागा. उत्तर बारमध्ये येतं. १.२ लिटर, ११५ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १२ बार. टर्बो नसलेल्या रस्त्यावरच्या पेट्रोल इंजिनाला हे शोभतं. त्याच इंजिनाला सॉफ्टवेअर १५० न्यूटन-मीटर दाखवत असेल तर १५.७ बार होतात, म्हणजे इनपुट चुकलंय.

बहुतेकदा चूक सिलिंडर हेडच्या फ्लोमध्ये, म्हणजे हेडमधून किती हवा जाते त्या आकड्यांत सापडते. फ्लो-बेंचवर (ही हवा मोजायच्या यंत्रावर) आकडे १० इंच पाण्याच्या दाबफरकाला घेतलेले असतात आणि सॉफ्टवेअर २८ इंच धरतं, किंवा उलट. १० वरून २८ ला नेताना १.६७ ने गुणायचं, २.८ ने नव्हे, कारण फ्लो दाबफरकाच्या वर्गमुळानुसार बदलतो. प्रत्येक व्हॉल्व्ह-लिफ्टचा (व्हॉल्व्ह किती उचलला जातो त्याचा) आकडा असाच बदला.

कॅमचं ड्युरेशन (कॅम व्हॉल्व्ह किती अंश उघडा ठेवतो ते) कोणत्या लिफ्टला मोजलंय तेही तपासा. जाहिरातीतलं आणि १ मिलिमीटर लिफ्टला मोजलेलं यांत कित्येक अंशांचा फरक असतो. आत येणारी हवा २५ ऐवजी ४५ अंश धरली की घनता सुमारे ६ टक्के घटते. आपल्या उन्हाळ्यात बॉनेटखालून हवा ओढणाऱ्या गाडीला ४५ च धरा.