पांढरीवर कोण राहत होतं? खापरांवरून ओळखायची रीत

सर्वेक्षणाला निघण्याआधी १:५०,००० प्रमाणाचा टोपो नकाशा मिळवा. कोल्हापूर ४७ एल या क्रमांकाच्या नकाशात येतं. नदी-ओढ्यांचे संगम आणि त्यांच्या काठावरची, पुराचं पाणी चढत नाही अशी टेकाडं त्यावर खुणा करून ठेवा. मग गावात एवढंच विचारा : जुनी पांढर कुठं? शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. ढासळलेल्या मातीच्या भिंती, राख, शेण यांनी ती भुरकट झालेली असते.

ऊस उभा असताना जाऊन काही दिसत नाही आणि खोडव्याच्या पाचटाखाली तर नाहीच. रान नांगरून त्यावर एखादा वळीव पडला, की खापरं धुऊन वर दिसतात. दहा-दहा मीटरवर माणसं उभी करून सरळ रेषेत चाला. खापरं दाट लागली की १० × १० मीटरचे चौकोन आखा, प्रत्येक चौकोनाला सारखाच वेळ द्या, समजा १५ मिनिटं. काठ, बूड आणि नक्षीचे तुकडे पिशवीत घ्या. बाकीचे मोजून, वजन करून तिथंच ठेवा. नुसती देखणी खापरं उचलली तर रोजच्या रांधायच्या मडक्यांचा हिशेबच नाहीसा होतो. पिशवीत चौकोनाच्या क्रमांकाची चिठ्ठी नसेल तर ती पिशवी फुकट गेली म्हणा.

सगळ्यात जास्त फसवते ती वाहून नेलेली पांढरी माती. खत म्हणून ती शेतात टाकतात, तिच्यासोबत खापरंही जातात. तुकडे बारीक, कडा गोल झिजलेल्या आणि आसपास वीट, जातं, राख काहीच नाही, तर ती वस्ती नव्हे. शंका राहिली तर विहिरीची किंवा ओघळीची कापलेली बाजू बघा : राखेचा, घराच्या जमिनीचा थर तिथं आपोआप उघडा पडलेला असतो. उलट पंचगंगेच्या मळीच्या रानात वर काही दिसलं नाही म्हणून ‘इथं वस्ती नव्हती’ असं लिहू नका. गाळाखाली ती दडलेली असू शकते.

काळ ठरवायला कोल्हापुरातल्या, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीचा आधार घ्या. डेक्कन कॉलेजतर्फे सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथं उत्खनन केलं. काळी-तांबडी खापरं आणि शिशाची नाणी सातवाहन काळाकडे बोट दाखवतात. काचेरी झिलईची भांडी आणि रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या बहमनी काळाकडे. एकाच चौकोनात दोन्ही आली तर नांगरानं थर मिसळलेत, एवढंच समजा.

आता माणसं. खापराची एक तऱ्हा म्हणजे एक जमात, हे समीकरण सोडून द्या. ब्रह्मपुरीला मिळालेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक-रोमन जगातल्या समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. तेवढ्यावरून इथं रोमन राहत होते असं म्हणता येत नाही, व्यापाराचा माल इथवर पोचत होता एवढं म्हणता येतं. लोक ओळखायचे ते कामाच्या उरलेल्या कचऱ्यावरून. लोखंडाची कीट, म्हणजे भट्टीत उरलेला मळ, सापडली तर भट्टी जवळच असावी, भाजताना वाकडी झालेली मडकी म्हणजे कुंभारकाम, कापलेल्या शंखाचे तुकडे म्हणजे बांगड्या करणारे. हे कोणत्या चौकोनात दाटलंय ते नकाशावर रंगवलं, की गावातल्या आळ्या दिसू लागतात.

खापरं उचलायला पुरातत्त्व विभागाची परवानगी आणि शेतमालकाची संमती हवी; कुदळ तर लावूच नका. नाणी, दागिने दिसले तर हलवू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.