एका पत्त्याचे चार उपयोग: शहर उभारणीचा बोर्डगेम कसा तयार करावा

शहर वसवण्याचा खेळ करायचा ठरला की बहुतेक जण आधी नकाशा काढायला बसतात. नकाशा मागाहून येऊ द्या. पत्ते आणि फासे यांच्यावर चालणाऱ्या खेळात शहर हातातल्या पत्त्यांतूनच उभे राहते, आणि खेळ रंगतो की पडतो हेही तिथेच ठरते.

समजा हातात पाण्याच्या टाकीचा पत्ता आहे. तो बांधता येतो, विकून नाणी घेता येतात, पालथा ठेवून मोकळा भूखंड करता येतो किंवा शहराला पडलेला तडा बुजवण्यासाठी टाकता येतो. यातले एक केले की उरलेले तीन गेले. पत्ता टाकताना हात क्षणभर अडखळला पाहिजे. तो अडखळत नसेल तर चित्रे कितीही सुंदर काढली तरी उपयोग नाही.

ही कल्पना नवी नाही. 'सान हुआन' (२००४) या खेळात एकच पत्ता इमारत, पैसा आणि माल अशा तिन्ही कामांना येतो. 'ब्रुग' (२०१३) मध्ये पाच रंगांचे पत्ते आणि त्याच रंगांचे पाच फासे आहेत. पत्ता टाकून त्या रंगाच्या फाशावरच्या दानाइतके पैसे मिळतात, पण दान ५ किंवा ६ पडले की प्रत्येकावर त्या रंगाचे संकटही येते. खाली दिलेला आराखडा या दुसऱ्या खेळाच्या वाटेने जातो, मात्र तीनच रंगांत. पहिल्या प्रयत्नाला तीन रंग भरपूर झाले.

खेळाचा सांगाडा

खेळाडू २ ते ४. लाल (घरे), पिवळा (बाजार) आणि निळा (पाणी) असे तीन रंग आणि प्रत्येक रंगाचा एक फासा. सुरुवातीला प्रत्येकाला ४ नाणी आणि २ शिक्के द्यायचे. गड्डीशेजारी ५ पत्ते उघडे मांडायचे.

फेरी सुरू झाली की पहिल्या खेळाडूपासून क्रमाने प्रत्येकाने हातात ४ पत्ते होईपर्यंत पत्ते उचलायचे, उघड्यांतले किंवा गड्डीतले. मग पहिला खेळाडू तिन्ही फासे एकदाच टाकतो आणि ते दान सगळ्यांना लागू होते. ज्या रंगावर ५ किंवा ६ पडेल, त्या रंगाचा एक तडा (संकटाची खूण म्हणून ठोकळा) प्रत्येकाने घ्यायचा. त्यानंतर आळीपाळीने एकेक असे प्रत्येकाने ३ पत्ते खेळायचे आणि एक पुढच्या फेरीसाठी राखायचा. तिन्ही पत्ते सलग खेळू देऊ नका. चौघांत चौथ्याला आपली पाळी येईपर्यंत जांभया येतात.

पत्त्याचे चार उपयोग असे:

- विकणे: पत्ता टाका, त्याच्या रंगाच्या फाशावर जितके दान तितकी नाणी घ्या.
- भूखंड: पत्ता पालथा घालून आपल्या रांगेच्या टोकाला ठेवा. खर्च काही नाही.
- बांधणे: छापील किंमत भरा आणि पत्ता रिकाम्या भूखंडावर ठेवा.
- दुरुस्ती: पत्ता टाका, त्याच रंगाचा एक तडा परत करा, १ गुण घ्या.

शिक्का खर्च केला की एका पत्त्यापुरते दान आपल्यासाठी एकाने वर किंवा खाली धरता येते. एका रंगाचे तीन तडे जमले की त्या रंगाची आपली एक इमारत पडते, भूखंड राहतो आणि ते तिन्ही तडे परत जातात. त्या रंगाची इमारतच नसेल तर ४ नाणी भरायची, तेवढी नसतील तर असतील तितकी. हे शेवटचे वाक्य नियमात हवेच. नाहीतर निळे काहीच न बांधणारा खेळाडू निळ्या तड्यांकडे ढुंकूनही बघत नाही.

डाव ८ फेऱ्यांचा. तिघे असतील तर ९ घ्या, म्हणजे पहिली पाळी प्रत्येकाला सारख्या वेळा येते. शेवटी इमारतींचे आणि दुरुस्तीचे गुण, उरलेल्या शिक्क्याला १, दर ५ नाण्यांना १, आणि सलग तीन इमारतींत तिन्ही रंग आले असतील तर २ गुण. एक इमारत एकाच त्रिकुटात मोजायची, आणि मधला भूखंड रिकामा असेल तर सलगपणा तुटतो. हे लिहून ठेवले नाही तर शेवटच्या मोजणीला हमखास वाद होतो.

पत्ते ९० का

जुन्या कॅटमध्ये जोकर धरून ५४ पत्ते असतात, म्हणून ५४ चा मोह होतो. पण हिशेब करून पाहा. ८ फेऱ्यांत एक खेळाडू २४ पत्ते खेळतो. त्यांतले साधारण ७ इमारतींत आणि ७ भूखंडांत अडकतात, ते गड्डीत परत येत नाहीत. चौघांचे मिळून ५६ झाले. हातातले १६ आणि उघडे ५ धरले तर ७७. म्हणजे ५४ पत्त्यांचा डाव शेवटाकडे जाता जाता कोरडा पडणार. ९० पत्ते घेतले तर टाकलेल्यांतले पुन्हा पिसायला थोडे उरतात. प्रत्येक रंगाच्या १० इमारती, प्रत्येकीच्या ३ प्रती.

एका रंगातल्या दहा इमारतींच्या किमती अशा ठेवा: १, २, २, ३, ३, ४, ४, ५, ६, ८. सरासरी ३.८.

गुण किती द्यायचे

नवशिक्याचा खेळ बहुतेकदा इथे फसतो. किंमत ३ तर गुण ३, किंमत ८ तर गुण ८ असे तो सरळ लिहून टाकतो. दोन-तीन डावांत सगळ्यांच्या लक्षात येते की महागच बांधायचे, आणि स्वस्त पत्ते फक्त विकायच्या कामाचे उरतात.

चूक अशी की छापील किंमत हा खर्चाचा एक तुकडा आहे. इमारतीचा पत्ता विकला असता तर सरासरी ३.५ नाणी मिळाली असती. खालच्या भूखंडाचा पत्ताही ३.५ ला विकता आला असता. म्हणजे खरा खर्च ७ अधिक छापील किंमत. १ किमतीची इमारत प्रत्यक्षात ८ ला पडते, ३ ची १० ला, ८ ची १५ ला. छापील आकडे आठपट लांब असले तरी खरा खर्च दुपटीलाही पोहोचत नाही.

म्हणून खऱ्या खर्चाला ३ ने भागा आणि जवळचा पूर्णांक घ्या. १ ते ३ किमतीला ३ गुण, ४ ते ६ ला ४ गुण, ८ ला ५ गुण. सारख्या गुणांच्या इमारतींत किमतीचा जो फरक उरतो, तो इमारतीच्या फायद्याने भरून काढायचा. १ ची इमारत बिनफायद्याची. ३ च्या इमारतीला दोन नाण्यांच्या मोलाचे काहीतरी द्या, उदाहरणार्थ बांधल्याबरोबर एक तडा कमी.

'दर फेरीला १ नाणे' हा फायदा दिसायला किरकोळ आहे, त्याला जपा. तो पुढच्या फेरीपासून लागू होत असेल तर पहिल्या फेरीत बांधलेली इमारत ७ नाणी देते, चौथ्या फेरीतली ४ आणि आठव्या फेरीतली काहीच नाही. मोजताना त्याचे मोल ४ धरा आणि दहातल्या तिनापेक्षा जास्त इमारतींना असे सतत चालणारे फायदे देऊ नका. जास्त झाले की पहिल्या दोन फेऱ्यांतच डावाचा निकाल लागतो.

फाशाला किती अधिकार

फासे आधी पडावेत, निर्णय नंतर. पत्ता खेळल्यावर 'आता टाक फासा, बघू जमतंय का' असे केले की नियोजन वाया गेल्याची चीड येते. आधी पडलेले दान मात्र बाजारभावासारखे असते: आज निळ्याला १ आहे, मग निळे पत्ते विकण्याऐवजी भूखंडाला वापरू. छोटे दान फुकट जात नाही, ते पत्त्याला दुसऱ्या उपयोगाकडे ढकलते. शिवाय मोठ्या दानाला तड्याची किंमत चिकटलेली असते.

तडा फक्त ६ वर द्यावा की ५ आणि ६ वर? दुरुस्ती कोणीच केली नाही असे धरून हिशेब करू. फक्त ६ वर दिला तर कोणत्याही ठरावीक एका रंगाचे तीन तडे ८ फेऱ्यांत जमण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. खेळाडू दुरुस्तीकडे दुर्लक्ष करतील आणि त्यांचे बरोबरच असेल. ५ आणि ६ दोन्ही घेतले की तीच शक्यता सुमारे ५३ टक्के होते. कोणत्याही फेरीत निदान एक तडा येण्याची शक्यता २७ पैकी १९, म्हणजे सुमारे ७० टक्के. धाक राहतो, पण दर वेळी घाव बसत नाही.

नमुना बनवणे

पहिल्या नमुन्यात चित्रे नकोत. अर्धे पत्ते बदलावे लागणारच, आणि मेहनतीने काढलेले चित्र फाडताना हात आखडतो.

जुन्या पत्त्यांचे दोन कॅट, मागून अपारदर्शक असलेली ९० संरक्षक पाकिटे आणि साधा ८० ग्रॅमचा कागद घ्या. पाकिटात कडकपणासाठी जुना पत्ता आणि पुढून कागदाची चिठ्ठी सरकवायची. नेहमीचा मोठा पत्ता ६३ × ८८ मिमी असतो, म्हणून चिठ्ठी ६१ × ८६ मिमी कापा, म्हणजे ती न दुमडता आत जाते. ए-४ कागदावर अशा ९ बसतात. १० कागदांत काम होते. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून १०० टक्के मापावर छापा आणि पहिल्या कागदावर पट्टी लावून माप तपासा. पारदर्शक पाकिटे चालणार नाहीत, कारण दोन कॅटच्या पाठी वेगळ्या असतील तर कोणता पत्ता येतोय ते मागूनच कळते.

रंग, चिन्ह आणि किंमत पत्त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. पंखा करून धरल्यावर तेवढाच भाग दिसतो. रंगाबरोबर चिन्ह हवेच (घर, तराजू, थेंब), कारण काहींना रंग ओळखायला अडचण येते आणि पिवळ्या दिव्याखाली पिवळा-पांढरा इतरांनाही कळत नाही. फायद्याचा मजकूर ९ पॉइंटहून बारीक नको.

याखेरीज १६ मिमीचे तीन रंगीत फासे, १ ची ४० नाणी, ५ ची २० नाणी आणि प्रत्येक रंगाचे १२ तडे (८ मिमीचे लाकडी ठोकळे) लागतील. १२ अशासाठी की चौघांकडे एकाच वेळी तीन-तीन येऊ शकतात. शिक्क्यांना बटणेसुद्धा चालतील. पाकिटांतल्या ९० पत्त्यांची चळत एका हातात मावत नाही. दोन ढीग करून पिसा आणि मग मिसळा.

चाचणी आणि नोंद

पहिला डाव एकट्याने, दोन्ही बाजू आपणच खेळून, फक्त ३ फेऱ्यांचा. नियमांतली भोके तेवढ्यात दिसतात. त्यानंतर माणसे बसवा आणि प्रत्येकासमोर चार रकान्यांची चिठ्ठी ठेवा: विकले, भूखंड, बांधले, दुरुस्ती. पत्ता खेळला की त्या रकान्यात रेघ मारायची. 'मजा आली का' या प्रश्नाला लोक भिडेपोटी हो म्हणतात. रेघांना भीड नसते.

ताळमेळ बसलेल्या डावात २४ रेघा साधारण ७, ७, ७, ३ अशा पडतात. विक्री १० च्या वर गेली तर इमारती महाग आहेत; सरासरी किंमत ३.८ वरून ३.३ वर आणून पाहा. विक्री ५ च्या खाली आली तर नाणी कुठूनतरी फुकट येत आहेत, बहुधा 'दर फेरीला' वाल्या पिवळ्या इमारतींतून. दुरुस्ती शून्य असेल तर इमारत पडल्याचे दुःख कमी पडते आहे, आणि ५ च्या वर असेल तर दुरुस्तीचा १ गुण काढून टाका. शेवटी भूखंड इमारतींपेक्षा दोनाहून जास्त उरत असतील तर लोकांना पत्त्याचे काय करावे सुचत नाही म्हणून ते पालथे घालत आहेत. अशा वेळी उघडे पत्ते ५ ऐवजी ६ करा.

एका चाचणीनंतर एकच आकडा बदला. किंमत, तडे आणि गुण एकदम हलवले की सुधारणा कशामुळे झाली ते कळायला मार्ग उरत नाही. प्रत्येक बदललेल्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक बारीक लिहा, म्हणजे जुनी चिठ्ठी चुकून पाकिटात राहिली असेल तर लगेच सापडते.

चौघांचा डाव म्हणजे ९६ पत्ते खेळले जाणार. पत्त्यामागे अर्धे मिनिट धरले तर पाऊण तासाच्या थोडे वर. पहिल्या डावाला दीड तास गेला तर घाबरू नका. तिसऱ्या डावालाही तेवढाच लागत असेल तर आधी इमारतींच्या फायद्यांची वाक्ये तपासा. दोनदा वाचावे लागणारे वाक्य कापा, आणि तरीही वेळ तेवढाच लागला तर तो फायदाच काढून टाका.