धम्मपद वाचताना चिंतनवही कशी ठेवावी

धम्मपद या पाली बौद्ध ग्रंथात २६ वग्ग (प्रकरणं) आणि ४२३ गाथा (श्लोक) आहेत. आकार छोटा, म्हणून अनेक जण चार दिवसांत ते उरकतात आणि हाती फक्त सुभाषितं राहतात. एका बैठकीला एकच गाथा घ्या. पहिल्या यमकवग्गात मात्र दोन, कारण तिथल्या २० गाथा बहुतेक जोडीनं येतात. एकटी वाचली तर अर्धाच मुद्दा कळतो.

आधी पाली गाथा दोनदा मोठ्यानं म्हणा, मग अनुवाद, शक्यतो दोन वेगवेगळे. वहीच्या डाव्या पानावर गाथा क्रमांकासह उतरवा. उजव्या पानावर आडवी रेघ मारा: वर गाथा काय म्हणते ते, खाली आपल्याला काय वाटलं ते. वह्या बिघडतात त्या या दोन्हींच्या सरमिसळीनं. पाचवी गाथा सांगते की वैरानं वैर शमत नाही. ‘अन्याय मुकाट सोसावा’ हे तिथं नाही, ते वाचणाऱ्यानं घुसडलेलं असतं.

खालच्या भागात ठोस प्रसंगच हवा: राग कुणावर आला, तोंडून काय निघालं. ‘शांत राहायला हवं’ छापाची वाक्यं सरळ खोडा.

अट्ठकथेतली, म्हणजे धम्मपदावरच्या भाष्यातली, गाथेमागची गोष्ट सर्वांत शेवटी वाचा. आधी वाचली की गाथा त्या गोष्टीपुरती आक्रसते. शिवाय त्या कथा नंतरच्या संकलनातल्या आहेत.

शेवटचा ब्राह्मणवग्ग ४१ गाथांचा, सर्वांत लांब. तिथं क्रम मोडून आधी ३९३वी गाथा घ्या: ब्राह्मण जन्मानं ठरत नाही, हे तिथं स्पष्ट सांगितलंय. मग बाकीच्या गाथांचा रोख नीट लागतो.